कबुलीचं स्टूल

ठकीने पोलीस ठाण्यात जबाबावर सही केली त्याला नऊ दिवस झाले होते, आणि नऊ दिवसांत अण्णांनी पुतणीकडे एकदाही सरळ बघितलं नव्हतं. बघायचे, नाही असं नाही. पण कसं, तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात तसं. वेळ कळली की नजर काढून घ्यायची.

रविवारी दुपारी सगळे अण्णांच्या स्वयंपाकघरात जमले. टेबलावर वकीलबाईंनी पाठवलेला कागद होता. प्रतिज्ञापत्र, दोन पानी, खाली अण्णांच्या सहीसाठी रिकामी रेघ. दुसऱ्या दिवशी अकराला सुनावणी. कागद कोर्टात गेला तर ठकीचा जबाब बाद व्हायची आशा होती. नाही गेला, तर ती कामाला होती त्या इस्पितळाच्या औषध-भांडारातल्या वेदनाशामक इंजेक्शनच्या बारा बाटल्या तिनेच चोरल्या, हे कायमचं ठरणार होतं. नोकरी गेल्यातच जमा. वर पाच वर्षं आत.

कागदात फार काही नव्हतं. मी एकतीस वर्षं पोलिसांत चौकशी केली, त्यातली शेवटची अकरा वर्षं चौकशी कशी करायची ते शिकवलं, ठकीचा जबाब घेणारा हा अधिकारी माझ्याच हाताखाली तयार झाला. इथपर्यंत अण्णांची तक्रार नव्हती, उलट 'हाताखाली'च्या जागी 'तालमीत' करा म्हणाले. घोडं अडलं होतं ते शेवटच्या वाक्यापाशी. 'या रीतीने निर्दोष माणूसही न केलेला गुन्हा कबूल करू शकतो.'

"एवढं वाक्य काढा, सही करतो," अण्णा म्हणाले.

"एवढं वाक्य काढलं तर त्या कागदात भाजी बांधता येईल," आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या करून द्यायची, आणि पन्नाशी उलटली तरी तिच्या खोड्या काही सुटल्या नव्हत्या. लहानपणी अण्णांच्या बुटात पीठ भरण्यापासून तिची सुरुवात होती. आज मात्र ती गंभीर दिसत होती, आणि आत्या गंभीर दिसली की जाणत्यांनी बूट तपासावेत.

बापू, म्हणजे ठकीचा बाप, अण्णांचा मधला भाऊ, दाराशी उभा होता. उभा राहायचीच त्याला सवय नव्हती, सगळा जन्म बसच्या स्टिअरिंगमागे बसून गेलेला. आज त्याला बसवत नव्हतं. थोरल्या भावाकडे काही मागायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. अण्णांना खात्यात साखरसाहेब म्हणत. बाकीच्यांच्या काठ्या मोडायच्या, अण्णा फक्त चहा मागवायचे. त्यांच्या खोलीतून कधी कुणी लंगडत बाहेर आलं नाही. रडत यायचे, आणि कित्येक जण त्यांचे आभार मानून तुरुंगात जायचे. बापूने हे प्रवाशांना इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटच्या थांब्यापर्यंतच्या लोकांना पाठ होतं.

आणि त्या दिवशी ठाण्याच्या फाटकाबाहेर तो चार तास थांबला, तेव्हा अण्णांच्याच चेल्याने त्याला आत बोलावलं होतं. खुर्ची दिली. 'काका' अशी हाक मारली. तुमच्या मुलीला तुमचं ऐकायची सवय आहे, पाच मिनिटं बोला, म्हणजे तिलाही हलकं वाटेल. बापू ठकीशी जे बोलला ते त्याने अजून कुणालाही सांगितलं नव्हतं. 

"निर्दोष माणूस न केलेलं कबूल करत नाही," अण्णा म्हणाले. "का करेल? मी एकतीस वर्षांत असा एकही पाहिला नाही."

"पाहिला असतास तरी ओळखला कसा असतास?" आत्या म्हणाली. "तो तर कबूल झालेला असायचा."

अण्णांनी चष्मा पुसायला घेतला. त्या दिवशी तो चारदा पुसून झाला होता.

*

ठकी खिडकीखालच्या स्टुलाकडे बघत होती. तीन पायांचं, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. या घरातली सगळी मुलं त्या स्टुलावर बसून मोठी झाली. नियम अण्णांनीच घातलेला. काही फुटलं, हरवलं, सांडलं, की ज्याने केलं त्याने स्टुलावर बसायचं आणि 'मी केलं' म्हणायचं. मग मार नाही, ओरडा नाही, तळहातावर चिमूटभर साखर, आणि तो विषय पुन्हा कधी काढायचा नाही. शेजारीपाजारी कौतुक करायचे. काय घर आहे, पोरं खोटं बोलत नाहीत.

बोलायची. ठकी नऊ वर्षांची असताना अण्णांच्या रेडिओची काच फुटली होती. फोडली अण्णांच्या मुलाने, जो आता परदेशात पूल बांधतो. तो गप्प बसला, अण्णा वाट बघत राहिले, जेवणं खोळंबली, आणि ठकीला भूक लागली होती. ती जाऊन स्टुलावर बसली. साखर खाल्ली. जेवण वाढलं गेलं. तेव्हापासून घरात सगळ्यांत पटकन कबूल होणारी म्हणून ठकी सगळ्यांत गुणी.

ठाण्यातल्या त्या खोलीत शिरल्याबरोबर तिला घरी आल्यासारखं वाटलं होतं. वकीलबाईंना ती हे सांगू शकली नव्हती. खिडकी नाही, घड्याळ नाही. तिची खुर्ची बुटकी, अण्णांच्या चेल्याची उंच, मध्ये टेबल नाही, त्याचे गुडघे तिच्या गुडघ्यांपासून वीतभर. त्याच्या मांडीवर विटेएवढी जाड फाईल, वर तिचं नाव. पुढे एकदा पंख्याने पानं उडाली तेव्हा दिसलं, वरची दोन लिहिलेली आणि खाली सगळी कोरी. पण तोवर पाचवा तास चालू होता आणि कोरी पानंही तिला खरी वाटायला लागली होती.

तो ओरडला नाही. तूच घेतल्यास, आम्हाला माहीत आहे, कॅमेऱ्यात दिसतेस, असं म्हणाला. कॅमेऱ्यात ती नव्हती. ती 'नाही' म्हणायला तोंड उघडायची की तो हात वर करायचा, बसच्या कंडक्टरसारखा, आणि पुढचं बोलायला लागायचा. एकदा तोंडातला नकार गिळला की दुसरा बारीक निघतो, तिसरा त्याहून. मग तो मवाळ झाला. म्हणाला, मला वाटतं तू विकायला नाही घेतल्यास. वरच्या मजल्यावर कुणी म्हातारी कळवळत असेल, तुला बघवलं नसेल. चोर वेगळा आणि कनवाळू माणूस वेगळा. सांग, विकायला घेतल्यास की दयेने?

तिने अशी म्हातारी पाहिलीच नव्हती. सहाव्या तासाला तिला म्हातारीचं हिरवं पांघरुणही आठवायला लागलं.

जबाबात लिहिलं, बाटल्या लोखंडी कपाटातून काढल्या. ते कपाट दोन महिन्यांपूर्वीच भंगारात गेलं होतं. पोलिसांकडचा फोटो जुना होता. तिला तेव्हाही आतून कळत होतं की कपाट नाही, पण तो लिहीत होता आणि लिहिणाऱ्याला थांबवणं बरं दिसत नाही. सही झाल्यावर ती म्हणाली, "झालं ना? आता घरी जाऊ?" त्याने तिच्या चहात आणखी एक चमचा साखर घातली. तिथून थेट दंडाधिकाऱ्यांपुढे नेलं, आणि गाडीत सांगितलं, तेच परत म्हण, म्हणजे संपलं. ती तेच म्हणाली. जामीन मिळेपर्यंत एक रात्र कोठडीत गेली.

"तू न केलेलं बोललीसच कशी," अण्णा आत्ता म्हणाले, तिच्याकडे न बघता. "शिकलेली मुलगी तू. तुला कुणी मारलं का?"

ठकीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. नऊ दिवस ती घाबरलेली होती. राग पहिल्यांदाच आला, आणि तो चेल्याचा नव्हता.

*

काकूला अण्णांशी लग्न होऊन सेहेचाळीस वर्षं झाली होती. तिने त्यांना एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. प्रामाणिकपणा म्हणून नव्हे, पकडली जाण्याची दगदग नको म्हणून. पण आज सकाळी तिने त्यांना तो कागद वाचताना पाहिलं. शेवटच्या वाक्यापाशी आले, कागदाची घडी केली आणि ताटाखाली सरकवली. तेव्हा तिला भट्टीवाल्याची बायको आठवली.

पावाच्या भट्टीवर काम करणारा तो माणूस. मालकाच्या गोदामाला आग लावली म्हणून अण्णांपुढे आला आणि चार तासांत कबूल झाला. नऊ वर्षं आत होता, आणि नऊ वर्षं म्हणत होता, मी नाही लावली. त्याची बायको दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अण्णांच्या घरासमोरच्या फुटपाथवर येऊन उभी राहायची. काही बोलायची नाही. अर्धा तास उभी राहून जायची. काकू पडदा लावून घ्यायची. पडद्यांचा रंग उडाला, बदलले, ती येतच राहिली.

म्हणून अकरा वाजता आत्याचा फोन आला आणि तिने बेत सांगितला, तेव्हा काकूने एवढंच विचारलं, मला काय बोलायचंय ते नीट सांगा.

आता तिने आत्याकडे पाहिलं. आत्याने डोळा घातला.

"बरं, तो कागद राहू दे," आत्या म्हणाली. "अण्णा, माझं दुसरंच काम आहे. बस ना जरा."

अण्णा आपल्या खुर्चीकडे वळले. खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा डोंगर. दुसऱ्या खुर्चीवर आत्याच्या पिशव्या, तिसरीवर स्वतः आत्या. उरलं स्टूल. ते बसले. आत्याने आपली खुर्ची ओढली आणि गुडघे त्यांच्या गुडघ्यांपाशी आणले. जन्मभर दुसऱ्यांसाठी खड्डे खणणारा माणूस, चालताना कधी खाली बघत नाही.

गेल्या रविवारी, आत्या सांगू लागली, सगळे तिच्याकडे जेवायला होते. मोरीतल्या कट्ट्यावर तिने एका पेल्यात कवळी भिजत ठेवली होती. निवृत्त मुख्याध्यापिकेची, उद्या बाईंचं सत्काराचं भाषण. पेला रिकामा सापडला. बाई बिनदाताच्या रडतायत. "आणि तो पेला तू ओतलास, अण्णा. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

"मी? मी कशाला–"

आत्याने हात वर केला. म्हणाली, वहिनींनी पाहिलं. काकू भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, हो, अहो, तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा. पेला तुमच्या हातात होता. बोलताना तिच्या लक्षात आलं की तिला मजा येतेय, आणि तिने एक चांगली शेंग टोपलीत टाकायच्या ऐवजी कचऱ्यात टाकली.

बापूला यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न समोर आणि हिला कवळीची पडली आहे. त्याने थोरल्या भावाची बाजू घ्यायचा प्रयत्न केला, पण आत्याने त्यालाच विचारलं, महिन्यापूर्वी यांनी शेगडी चालू ठेवली होती की नव्हती? होती. आणि चावी दाराबाहेर राहिली होती? राहिली होती. अण्णांचे खांदे अर्धा इंच खाली आले.

मग आत्याचा आवाज मऊ झाला. मोरीत दिवा मिणमिणता, पेला साधाच, आत काय आहे कुणाला दिसणार? खाली गुलाबी हिरडी चमकली तरी माणसाला वाटतं साबणाचा तुकडा. या वयात होतं. कुणी तुला दोष देत नाही. मला फक्त बाईंना सांगायचंय. बाईंचा संशय वेगळाच आहे, त्यांना वाटतं तू मुद्दाम केलंस, शाळेत असताना त्यांनी तुला बाकावर उभं केलं होतं म्हणून. मी म्हटलं, माझा भाऊ तसला नाही. "मुद्दाम ओतलास का, अण्णा, की चुकून?"

स्टुलाचा आखूड पाय पुठ्ठ्यावर डुगडुगला.

"चुकून," ते म्हणाले.

"काय दिसलं होतं पेल्यात?"

"गुलाबी काहीतरी. मला वाटलं साबण आहे. पाणी जरा गढूळ होतं. ओतलं, आणि खळ्कन आवाज आला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तेव्हाच विचारायला हवं होतं मी. बाईंची माफी मागतो."

आत्याने पर्समधून डबी काढली, उघडली, आणि वकीलबाईंच्या कागदावर कवळी ठेवली. अख्खी, बत्तीशी दाखवत. शेजारी डबीवरची चिठ्ठी, डॉक्टरांच्या सहीची. मंगळवारची तारीख.

"ही मी मंगळवारी केली," ती म्हणाली. "रविवारी ही जगात नव्हती. आणि माझ्या मोरीच्या कट्ट्यावर पेला मावतच नाही, साबणदाणी ठेवायची मारामार आहे."

बापू आधी हसला. मग त्याला कळलं आणि त्याचं हसू तसंच अर्धवट राहिलं.

*

अण्णांना आधी वाटलं, आत्ता कवळीबद्दलच काहीतरी खोटं आहे. तारीख खोटी असेल. कारण त्यांच्या हाताला तो पेला अजून लागत होता. खळ्कन झालेला आवाज त्यांच्या कानात होता.

"पण मला आठवतंय," ते म्हणाले.

"गुलाबी हिरडी मी सांगितली तुला. साबणही मीच. खळ्कन तेवढं तुझ्या पदरचं."

ते उठायला गेले. ठकी पुढे आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली, म्हणून त्यांना उठता आलं नाही. नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्यांना तिच्याकडे मान वर करून बघावं लागलं.

"मला सहा तास लागले, काका. तुम्हाला बावीस मिनिटं. तुम्हाला कुणी मारलं का?"

अण्णा रागावले. ही काय खोड काढायची पद्धत, म्हणाले. थट्टा वेगळी, चौकशी वेगळी. मी घरात होतो, माझ्या माणसांत होतो, विश्वास ठेवला म्हणून फसलो. आणि हे बोलता बोलताच ते अडखळले. कारण चहा मागवणं, काका म्हणणं, गुडघ्याला गुडघा, हे सगळं त्यांच्याच शिकवायच्या वहीत होतं. 'समोरच्याला आपण त्याच्या घरचे वाटलो पाहिजे.' पान तिसरं. त्या वाक्याखाली त्यांनी लाल रेघ मारली होती आणि अकरा वर्षं, दर वर्षी चाळीस जणांकडून, ते उतरवून घेतलं होतं.

तेवढ्यात बापू बोलला. दाराशी उभ्याउभ्याच, कुणाकडेही न बघता. "मी तिला सांगितलं. ठाण्यात, आत. म्हटलं, काय असेल ते सांगून टाक बाळा, आपल्याकडे सांगितलं की संपतं." त्याने दाराची चौकट धरली. "तिने केलंय की नाही हे मी विचारलंसुद्धा नाही, अण्णा. मला वाटलं, तुझा माणूस आहे, तुझी रीत आहे, चुकेल कशी. पोटच्या पोरीपेक्षा मी तुझ्या चहाला खरं मानलं."

ठकीला हे माहीत होतं. तीच तर समोर होती. पण बाप हे मोठ्याने बोलेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग स्टुलावरच्या माणसाकडे. आता तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. म्हणाली, चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तर निदान ओरडून तरी द्या. मारलं असतं तर वळ दाखवले असते मी. हे काय दाखवू? मला आजही ते हिरवं पांघरूण दिसतं, काका. मी घेतल्या नाहीत हे मला माहीत आहे, आणि तरी सकाळी उठल्यावर एक मिनिट वाटतं, घेतल्या असतील. तुम्ही माझ्या डोक्यात शिरून तिथे कपाट ठेवून आलात, आणि वर विचारता, शिकलेली मुलगी बोललीच कशी.

आत्याने कवळी उचलून डबीत ठेवली. तिच्या खोडीला इतकं यश तिलाही नको होतं.

अण्णांनी कागद मांडीवर ओढला. पेन बापूने दिलं. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. 'करू शकतो' खोडून त्याजागी 'करतो' लिहिलं, शेजारी छोटी सही केली, मग रेघेवर मोठी. सरकारी माणूस, सही शेवटपर्यंत सरळ.

मग त्यांनी, सवयीने असेल, तळहात पुढे केला.

काकूने साखरेची बरणी फळीवरून काढलीच होती. पंचवीस वर्षांची वहिवाट, हात आपोआप जातो. ठकीने बरणी तिच्या हातून घेतली. झाकण उघडलं होतं ते घट्ट लावलं आणि बरणी टेबलावर ठेवली, अण्णांचा हात पोचणार नाही अशी.

"सगळं सांगून झालं?" तिने विचारलं.

काकूने खिडकीचा पडदा बाजूला केला. समोरचा फुटपाथ मोकळा होता, दुपारचं ऊन पडलं होतं. अण्णांनी तिकडे पाहिलं. पुढे केलेला हात त्यांनी मिटला आणि मांडीवर ठेवला. उठले नाहीत.

"कोरा कागद आहे का आणखी?" ते म्हणाले. "भट्टीवाल्यापासून सुरू करतो."